शंभरनं गुणायच्या आधी

बाळा,

तुझा मेसेज रात्री बघितला, पण असल्या गोष्टीला मोबाईलवर दोन ओळीत उत्तर द्यायला मला जमत नाही म्हणून सविस्तर लिहितोय, निवांत वाच. तू लिहिलंयस की जर्मनीत तासाला किमान १३.९० युरो मिळतात, शंभरनं गुणलं की जवळपास चौदाशे रुपये, आणि इथं सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत बारा-बारा तास फेटलिंग, म्हणजे ओतकामाचे भाग घासून साफ करायचं काम करून दिवसाला साडेचारशे, मग इथं राहायचं कशाला. तुझा राग एकदम खरा आहे. पण तो गुणाकार अर्धाच झालाय आणि त्या अर्ध्या गुणाकारावरच एजंट लोकांचं दुकान चालतं.

आधी तुझाच हिशोब कर. तुझ्या खोलीचं भाडं ३६०० म्हणजे तुझी आठ दिवसांची हजेरी. दूध, गॅस, गाडीचं पेट्रोल, आईची औषधं, प्रत्येकाला किती तास राबावं लागतं ते वहीत लिहून काढ. मग ज्या देशात जायचंय तिथलं भाडं आणि किराणा याच पद्धतीनं लाव. जर्मनीत १३.९० युरो मिळतात पण आरोग्य विमा, पेन्शन, टॅक्स आधीच कापून जातं आणि उरलेल्यातला मोठा वाटा भाड्याला. तरी तिथला कामगार तासामागं तुझ्यापेक्षा जास्तच विकत घेऊ शकतो, यात शंका नाही, पण पस्तीस-चाळीस पट नाही बाबा.

अमेरिकेचंही ऐक. तिथला केंद्राचा किमान दर तासाला ७.२५ डॉलर, तो २००९ पासून एक सेंटही हललेला नाही, हॉटेलात टिपवर काम करणाऱ्याला तर मालकानं २.१३ डॉलर दिले तरी चालतं आणि तो आकडा १९९१ चा आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी स्वतःचा दर सोळाच्या वर नेला, पण ज्या राज्यांनी काही केलं नाही तिथला माणूस त्याच सव्वासातवर. आपल्याकडं महाराष्ट्रात मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो तो महागाईच्या आकड्याप्रमाणं जानेवारी आणि जुलैला बदलतो, ही आपल्या कायद्यातली चांगली गोष्ट आहे आणि ती कुणी सांगतच नाही.

आणि डेन्मार्क, स्वीडनमध्ये तर किमान वेतनाचा कायदाच नाही! तरी पगार चांगले, कारण युनियन आणि मालक समोरासमोर बसून दर ठरवतात. आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्याची हमाली जशी हमाल आणि अडते-व्यापारी बसून ठरवतात ना, तसंच. पाटण भागातले अण्णासाहेब पाटील मुंबईत माथाडींना एकत्र करून लढले, त्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला, मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळायला लागली, पीएफ लागला. सांगायचं एवढंच की नुसता आकडा बघू नकोस, तो आकडा माणसाच्या हातात कोण पोचवतं ते बघ.

हे मी कुठं शिकलो सांगतो. एकतीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांच्या हजेरीची नोंद ठेवतात तिथं होतो. पगाराच्या दिवशी ठेकेदाराचा माणूस रजिस्टर घेऊन बसायचा, आकडा सरकारी दरानं बरोबर लिहिलेला, हातात मात्र कमी. एक म्हातारे फेटलर होते, बोटात काळी वाळू इतकी मुरलेली की अंगठा नीट उठायचा नाही, मग ते तो पँटीला पुसून परत शाईत बुडवून परत उठवायचे, जे पैसे कधी मिळाले नाहीत त्या आकड्यापुढं. मी बघत होतो आणि गप्प बसलो. ते अजून टोचतं मला, म्हणून तुला एवढं लांबलचक लिहितोय.

आता तुझ्या पगाराचं. जेवणाची सुट्टी वजा करून रोज ११ तास धरले तरी सहा दिवसांचे ६६ होतात. आठवड्याला ४८ च्या वरचं काम दुप्पट दरानं, म्हणजे वरच्या १८ तासांचे ३६, एकूण ८४ तासांचे पैसे व्हायला पाहिजेत. तुला ६६ चे तरी मिळतात का बघ. स्लिपवर तू अकुशल आहेस का अर्धकुशल तेही बघ, दर त्यावर ठरतो, आणि ग्राइंडर चालवणाऱ्या पोराला अकुशलमध्ये टाकून ठेवणं हा जुना धंदा आहे.

कतारचंही विचारलं होतंस. तिथं मार्च २०२१ पासून कुठल्याही देशाच्या कामगाराला महिना किमान १००० रियाल, कंपनीनं राहायला दिलं नाही तर वर ५००, जेवण दिलं नाही तर ३००. हजार रियाल म्हणजे साधारण २४-२५ हजार रुपये. एजंट दीड लाख मागतोय म्हणालास, ते फेडायला सहा-सात महिन्यांचा अख्खा पगार जाईल, घरी पाठवणार काय? कायद्यानं नोंदणी असलेल्या एजंटला ३० हजार आणि त्यावर जीएसटी, एवढीच फी घेता येते. त्याचा नोंदणी नंबर ई-मायग्रेट या सरकारी साइटवर सापडला नाही तर एक रुपयासुद्धा देऊ नकोस, आईचे दागिने तर अजिबात मोडू नकोस. जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही, पण असल्या कर्जात बुडून नको.

रविवारी सकाळी घरी ये. मागच्या सहा महिन्यांच्या स्लिपा आण, नसतील तर बँकेचं पासबुक भरून आण, आणि एजंटनं दिलेला तो कागद, फोटो नको, मूळ कागद आण. तुझ्याबरोबर ग्राइंडिंगला दुसरी पोरं आहेत म्हणालास, त्यातली दोघं-तिघं आली तर त्यांनाही घेऊन ये, काकू पोहे करतीये.

तुझा,
काका