झेंडे तेच, रस्ता दुसरा

वाचकांचे प्रश्न, चित्रकलेबद्दल

प्रश्न : १८७० नंतरची काही वर्षं फ्रान्ससाठी भयंकर होती. प्रशियाकडून पराभव, पॅरिसचा वेढा, मग कम्यूनची, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोर लोकराजवटीची, कत्तल. पण त्याच वर्षांतले दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकार बघावेत तर नदी, होड्या, छत्र्या आणि खसखशीची फुलं! कला काळाचा आरसा असते म्हणतात. मग हा आरसा कुठे ठेवला होता यांनी?
(एक निवृत्त इतिहास शिक्षक)

उत्तर : तुमच्या प्रश्नातला टोमणा आवडला. पण आधी एक कबुली देते.

क्लोद मोनेचं एक चित्र आहे, पॅरिसमधल्या र्‍यू माँतोर्गयचं. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंच्या घरांवर तिरंगी झेंडेच झेंडे, खाली मुंग्यांसारखी माणसं. कितीतरी वर्षं मी वर्गात ही स्लाइड लावून सांगत आले, "हा १४ जुलै, फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस." एकदा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, १४ जुलै राष्ट्रीय दिवस झाला १८८० साली. चित्र तर १८७८ चं आहे." वर्ग शांत झाला. घरी येऊन पुस्तकं काढली, तर मुलाचं बरोबर होतं. तो दिवस १४ जुलै नव्हेच. तो ३० जून १८७८. त्या वर्षी पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि सरकारने शांततेचा आणि श्रमाचा उत्सव म्हणून तो दिवस जाहीर केला होता.

ही चूक सुधारली आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर हाती लागलं. १४ जुलै समजून बघितलं तर ते निव्वळ सणाचं चित्र. ३० जून १८७८ समजून बघितलं तर ते एका हरलेल्या देशाचं चित्र. सात वर्षांपूर्वी याच शहरात फ्रेंच सैन्याने हजारो फ्रेंच माणसं मारली होती. पाच अब्ज फ्रँकची युद्धखंडणी फेडून झाली होती, प्रजासत्ताक अजून पुरतं स्थिरावलं नव्हतं, राजा परत आणू पाहणारे होतेच. अशा वेळी "आम्ही सावरलो" असं जगाला दाखवायला हे झेंडे लावले होते. मोनेने एका घराच्या सज्जात उभं राहायची परवानगी मागितली आणि वरून हे सगळं रंगवलं. वरून माणसांचे चेहरे दिसत नाहीत. दिसतात ते झेंडे.

आता त्याच दिवसाचं दुसरं चित्र बघा. एदुआर मानेचा स्टुडिओ ज्या र्‍यू मोस्नियेच्या तोंडाशी होता, त्या रस्त्याचं. झेंडे तेच, दिवस तोच. पण रस्ता जवळजवळ रिकामा आहे. डावीकडे कुंपण आणि त्यामागे बांधकामाचा राडारोडा. आणि पुढे, आपल्याकडे पाठ करून, निळा सदरा घातलेला एक माणूस कुबड्यांवर चाललेला आहे. त्याला एकच पाय आहे.

तो युद्धात गेलेला पाय की आणखी कशाने, चित्र सांगत नाही. पण वेढ्याच्या काळात माने पॅरिसमध्येच होता, नॅशनल गार्ड या नागरी सेनेत. कम्यूननंतर त्याने रस्त्यावरच्या प्रेताचं शिलामुद्रित (लिथोग्राफ) चित्रही केलं होतं. असा माणूस झेंड्यांच्या दिवशी खिडकीतून खाली बघतो तेव्हा त्याला कोण दिसतं, हे मी वेगळं सांगायला नको.

म्हणून मला आरशाची उपमा पटत नाही. आरसा समोर येईल ते दाखवतो. चित्रकार उभा कुठे राहायचं ते आधी ठरवतो, आणि तिथूनच काय दिसणार ते ठरतं.

बाकी छत्र्या आणि होड्या रंगवणाऱ्यांना युद्ध लागलंच नाही, असं मात्र समजू नका. त्यांच्यातला फ्रेदेरिक बाझीय सैन्यात भरती झाला आणि २८ नोव्हेंबर १८७० ला मारला गेला, वय २८. मोने आणि पिसारो लंडनला गेले. पिसारोच्या घरात प्रशियन सैनिक राहिले. बागेतल्या चिखलावर पाय ठेवायला त्यांनी त्याची चित्रं अंथरली असं सांगतात. परत आला तेव्हा वर्षानुवर्षांच्या कामातलं फारच थोडं उरलं होतं. आणि मोने? तो पॅरिसजवळ नदीकाठच्या आर्जांतयला राहायला गेला आणि १८७२ मध्ये त्याने तिथला पूल रंगवला. निळं-करडं पाणी, त्यात पडलेली छाया. नजर पाण्यावरच राहिली तर सुंदर निसर्गचित्र. जरा वर केली तर पुलाला परांची बांधलेली दिसते. तो पूल युद्धात पडला होता आणि नव्याने उभा राहत होता.

म्हणजे युद्ध त्या चित्रात आहे. दुरुस्तीच्या रूपात आहे, एवढंच.

प्रश्न : रंगाच्या ट्यूबचा शोध लागला म्हणून दृक्प्रत्ययवाद जन्मला असं वाचलं. खरं का?

उत्तर : अर्धं. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत मिळायचा. टाचणीने भोक पाडून रंग पिळायचा, आणि मग ते भोक नीट बंद होत नसे. अशा पिशव्या खांद्याला अडकवून शेतात जाण्याची कल्पना करून बघा. पण इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबल हा चित्रकार त्या पिशव्या घेऊनच उघड्यावर तैलरंगात ढग रंगवत होता, ट्यूबच्या वीस वर्षं आधी. तेव्हा ट्यूबइतकंच श्रेय रेल्वेलाही द्या. पॅरिसच्या सां-लझार स्थानकात गाडीत बसलं की थोड्या वेळात आर्जांतय. रविवारी नदीकाठी येणारे शहरी लोक, होड्या, छत्र्या हे सगळं त्याच रुळांवरून आलं. मोनेने १८७७ मध्ये ते स्थानकच रंगवायला घेतलं, एकदा नव्हे, अनेकदा.

प्रश्न : गोयाचं '३ मे १८०८' हे गोळीबाराचं चित्र पाहून अंगावर काटा आला. गोया तिथे हजर होता का? नसेल तर ते खरं कसं मानायचं?

उत्तर : माझी एक सवय आहे. ऐतिहासिक चित्र समोर आलं की मी दोन तारखा शोधते : घटना कधीची आणि चित्र कधीचं. इथे घटना १८०८ ची, माद्रिदमध्ये नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध उठलेल्या लोकांना गोळ्या घातल्या त्या रात्रीची. चित्र आहे १८१४ चं.

या सहा वर्षांत बरंच घडलं. स्पेनच्या गादीवर नेपोलियनचा भाऊ जोसेफ बसला आणि दरबारी चित्रकार गोयाने त्याच्याकडून मानचिन्हही स्वीकारलं. मग फ्रेंच गेले, राजा फर्नांदो सातवा परतला, आणि फ्रेंचांशी कोण किती जवळीक करून होतं याची चौकशी सुरू झाली. फ्रेंच नुकतेच हटले होते, तेव्हाच गोयाने अर्ज केला होता : आपल्या उठावातले पराक्रम मला कुंचल्याने अमर करायचे आहेत, त्यासाठी मदत मिळावी. अर्जात देशभक्ती होतीच. थोडी स्वतःची काळजीही असावी, असं मला वाटतं. यात मला कमीपणा वाटत नाही. घाबरलेल्या माणसालाही खरं दिसतं.

आणि काय दिसलं बघा. अर्जात शब्द पराक्रमाचा आहे, चित्रात पराक्रम नाही. घोड्यावरचा सेनापती नाही, विजय नाही. जमिनीवर एक मोठा चौकोनी कंदील, त्याच्या उजेडात पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस हात पसरून गुडघ्यावर. तो उभा राहिला तर सगळ्यांपेक्षा उंच होईल. त्याच्या उजव्या तळव्यावर खिळ्याच्या जखमेसारखी खूण आहे, क्रुसावरच्या ख्रिस्ताची. आणि सैनिक? एकाचाही चेहरा दिसत नाही. पाठींची एक रांग, बंदुकांची एक रांग. यंत्रासारखं मारणं कसं असतं, ते यात आहे.

पुढे १८६७ मध्ये मेक्सिकोत सम्राट मॅक्सिमिलियनला गोळ्या घातल्या, तेव्हा मानेने गोयाची हीच मांडणी उचलली. मॅक्सिमिलियनला तिथे गादीवर बसवणारा आणि मग वाऱ्यावर सोडणारा फ्रान्सच होता, आणि मानेच्या चित्रातल्या मारेकऱ्यांचे गणवेश जवळजवळ फ्रेंच दिसतात. फ्रान्समध्ये ते चित्र दाखवू दिलं नाही.

हजर असण्याचं म्हणाल, तर गोयाने युद्धावर अम्लरेखनाची (एचिंगची) एक मालिका केली. तिच्यातल्या एका चित्राखाली त्याने लिहिलं आहे, "मी हे पाहिलं." ही मालिका त्याने हयातीत प्रसिद्ध केली नाही. ती आली १८६३ मध्ये, तो जाऊन ३५ वर्षं झाल्यावर.

प्रश्न : दादावाद म्हणजे निव्वळ पोरखेळ वाटतो. निरर्थक शब्दांच्या कविता, पुठ्ठ्याचे कपडे. यात कसला इतिहास?

उत्तर : तारखाच बघा. ५ फेब्रुवारी १९१६ : ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्ज यांनी झुरिचमध्ये काबारे व्होल्तेअर सुरू केला, दादावाद जन्मला तो रात्रीच्या कार्यक्रमांचा अड्डा. २१ फेब्रुवारी १९१६ : पहिल्या महायुद्धातली व्हर्दँची लढाई सुरू झाली. ४ मार्चला त्याच व्हर्दँजवळ फ्रान्झ मार्क मेला, निळे घोडे रंगवणारा जर्मन चित्रकार. स्वित्झर्लंड तटस्थ होतं, म्हणून युद्ध नको असलेली पोरं तिथे जमली होती. (त्याच गल्लीत काही घरं सोडून लेनिन राहत होता. गल्लीचा आवाज त्याला कसा वाटत असेल, याचं मला कायम कुतूहल आहे.)

कीर्ती, कर्तव्य, पितृभूमी हे शब्द अर्थपूर्ण होते आणि त्यांच्या जोरावर लाखो मुलं खंदकांत पाठवली जात होती. मग बालने अर्थ नसलेले शब्द म्हटले. मला त्यात पोरखेळ दिसतो, पण तो खेळ मोठ्यांची भाषा ऐकून कंटाळलेल्या पोरांचा आहे.

हे आवडलंच पाहिजे असं नाही. मलाही त्यातलं सगळं सोसत नाही. दादाची वाट पचत नसेल तर जर्मन चित्रकार ओटो डिक्स बघा. हा स्वतः मशीनगन चालवून आला होता, आणि १९२४ मध्ये त्याने युद्धाची ५० अम्लरेखनं केली. जेवून बघू नका.

प्रश्न : बारावीला आहे. कलेतल्या वादांचा (इझम्सचा) तक्ता पाठ करते आहे, पण नव-अभिजाततावादाच्या (निओक्लासिसिझमच्या) पुढे काय लिहू? एका पुस्तकात तो क्रांतीचा आहे, दुसऱ्यात नेपोलियनचा.

उत्तर : दोन्ही लिही, आणि जागा उरली तर राजाचाही लिही. जाक-लुई दाविदचं 'होराटी बंधूंची शपथ' हे चित्र १७८४ चं, म्हणजे क्रांतीच्या पाच वर्षं आधीचं, आणि राजाच्या खात्यातून सांगून करून घेतलेलं. १७९३ च्या जानेवारीत याच दाविदने त्या राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलं. जुलैमध्ये क्रांतिकारक माराचा आंघोळीच्या टबात खून झाला, तेव्हा त्याने त्याला हुतात्मा करून रंगवलं. माराला त्वचेचा वाईट रोग होता. चित्रातली कातडी संगमरवरासारखी आहे.

मग नेपोलियनचा राज्याभिषेक, जवळजवळ दहा मीटर रुंद. मधोमध उंचावर सम्राटाची आई बसली आहे. ती त्या समारंभाला आलीच नव्हती.

तिन्ही चित्रांत त्याच स्वच्छ रेषा, तेच रोमन गांभीर्य. म्हणून तक्त्यात शैलीच्या पुढे आणखी एक रकाना आख : पैसे कोणी दिले. परीक्षेत त्याचे गुण मिळणार नाहीत, तरी आख.

नेपोलियन गेल्यावर राजघराणं परतलं आणि राजाच्या मृत्यूला मत देणाऱ्यांना देशाबाहेर काढलं. दाविद १८२५ मध्ये ब्रुसेल्सला वारला. त्याचा मृतदेहही फ्रान्समध्ये येऊ दिला नाही. माराचं चित्रही आज ब्रुसेल्सलाच आहे.