पेजमेकरमधल्या जुन्या मराठी फायली उघडत नाहीत? माझा अनुभव

भावा, वडिलांच्या प्रेसमधले, पेजमेकरमध्ये (पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये) केलेले पतसंस्थांचे जुने अहवाल नव्या लॅपटॉपवर उघडले की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं दिसतात, असं तू ग्रुपवर लिहिलंयस. खालचे प्रतिसाद वाचले. एक म्हणतो लिनक्स टाक, दुसरा म्हणतो डिझाइनचं कोरल घे, तिसरा पायरसीवर घसरलाय. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दोन तालमींची फुटबॉल मॅच रंगावी तसं चाललंय. तुझी फाइल राहिली बाजूला.

सॉफ्टवेअर कुठलंही घे, दुखणं फायलीतच आहे. त्या काळच्या फाँटांत इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षर बसवलेलं असायचं. फाँट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. म्हणून जुन्या मशीनमधला फाँट्सचा फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घे. फॉरमॅट मारायच्या आधी!

वडिलांच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला लॉक होतं का, म्हणजे मशीनला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालू न देणारी डबी? आमचं प्रिंटर पोर्टला लावायचं होतं. ऐन सभांच्या हंगामात ते मेलं. सहकारी संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, त्यामुळं सगळे अहवाल एकदमच अंगावर येतात. विक्रेत्याच्या ऑफिसला फोन केला तर आधी मूळ बिल मागितलं. बिल दिलं तर ‘ती व्हर्जन बंद झाली, नवीन घ्या.’ नवीन घेतलं तर जुना मजकूर उघडेल का, यावर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’ मेलं ते लॉक, पण त्या सॉफ्टवेअरचा नुसता फाँट मशीनमध्ये टाकला तर फाइल दिसते आणि छापताही येते, लॉक फक्त टायपिंगला लागतं, हे एक वाक्य त्यांनी सांगितलं नाही. ते सांगितलं ग्रुपवरच्या एका निवृत्त मास्तरांनी, रात्री जागून, एक पैसा न घेता. (आमच्या सॉफ्टवेअरचं असं होतं. तुमचं वेगळं असू शकतं.)

आता युनिकोडचं, म्हणजे कुठल्याही नव्या मशीनवर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीचं. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड कळत नाही. त्यामुळं युनिकोड करायचं तर मजकूर बाहेर काढावाच लागतो. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे फुकट कन्व्हर्टर आहेत, पण जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. कन्व्हर्टर कच्चा असला की ‘कर्ज’चं ‘कजर्’ होतं आणि ‘विनातारण’चं ‘िवनातारण’. पतसंस्थेच्या अहवालात दर ओळीला हेच शब्द!

पुढचं काम इनडिझाइनमध्ये (पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये) करणार असशील तर त्यातलं पॅराग्राफ कंपोजर हे सेटिंग ‘वर्ल्ड-रेडी’ ठेव, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि लोक फाँटला शिव्या घालतात. पैसे नसतील तर त्याच कामाचं फुकट स्क्रायबस १.६ बघ. लिनक्सवाल्यांचं एवढं एक मला पटतं. फाँट म्हणून ‘मुक्ता’ घे, फुकट आहे, अहवालाला शोभतो. लग्नपत्रिकेला मात्र नको, गिऱ्हाईक परत पाठवतं.

आणि परत विचारशील तेव्हा ‘कुठलं सॉफ्टवेअर चांगलं’ असं विचारू नकोस, पुन्हा मॅच सुरू होईल. फाँटचं नाव लिही, बिघडलेली एक ओळ जशीच्या तशी पेस्ट कर आणि तीच ओळ छापील अहवालात कशी आहे त्याचा फोटो टाक. तेवढ्यावर कुणीही जाणकार सांगेल. ताळेबंदाचं पान कन्व्हर्टरवर सोडू नकोस. काही फाँटांत आकड्यांची घरंही वेगळी असतात. छापील प्रत शेजारी घेऊन ते हातानंच टाइप कर.