रविवार खायला उठतो म्हणालास म्हणून

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, ‘काका, रविवार खायला उठतो.’ तेवढ्यात तुझी बस आली आणि बोलणं राहिलं. म्हणून लिहायला बसलो.

नाशकात सातपूरला कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा तुझ्यासारखीच माझीही एकट्याची एक खोली होती. सुट्टी आली की मी मित्रांच्या खोल्या पालथ्या घालायचो. एका रविवारी कुणीच सापडलं नाही, म्हणून पांडवलेणीच्या पायऱ्या चढलो.

तिथं 24 लेणी आहेत. तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, बलश्रीचा, दानलेख आहे. लोक लेख आणि कोरीवकाम बघून मागं फिरतात. तू आतल्या खोल्यांत डोकाव. एका माणसापुरती जागा, एकच दार. भिक्खू पावसाळ्यात एका ठिकाणी मुक्काम करायचे, तो या असल्या खोल्यांत. त्या दिवशी मी एका उंबऱ्यावर बसलो. पहिला अर्धा तास फार वाईट गेला. उठावंसं वाटलं, भूक लागल्यासारखं झालं. तुलाही होईल. तेवढा वेळ कसाही काढ, खिशातून मोबाइल काढू नकोस.

त्या आठवड्यात माझ्या मशीनवरचे बरेच पीस रिजेक्ट गेले होते आणि मी खापर हेल्परवर फोडलं होतं. मनात त्याच्याशी भांडण चालूच होतं. गार दगडाला पाठ टेकून बसलो असताना भांडण दमलं, आणि आठवलं की त्या दिवशी माप घ्यायच्या मायक्रोमीटरचा झिरो मी तपासलाच नव्हता. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं रे. पण चार माणसांच्या गलक्यात स्वतःचं ऐकायला सवडच दिली नव्हती. सोमवारी त्या पोराला टपरीवर बाजूला घेतलं आणि चूक माझी होती असं सांगितलं. त्या रात्री ती खोली पहिल्यांदा मला माझी वाटली.

दर वेळी असं काही हाती लागत नाही. पुष्कळदा नुसतं वारं अंगावर घेऊन उतरतो, आणि तेही पुरतं. संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या घाटावर, बसलो तरी तसंच. दिवे पाण्यावरून जाताना बघायचे, बास.

आणि जेवणाचं सांगतो. ‘एकट्यासाठी काय चूल पेटवायची’ म्हणून रोज वडापावावर भागवू नकोस. वाटीभर डाळ शिजव, लसणाची फोडणी दे, ताट घेऊन मांडी घालून बस. पाहुण्याला वाढतो तसं स्वतःला वाढ.

एक मात्र बघ. लेण्यातल्या त्या बहुतेक खोल्यांची दारं मधल्या मोठ्या मंडपात उघडतात. झोप उडाली, जेवण जाईना, दार उघडावंसंच वाटेना असं झालं, तर तो एकांत नव्हे. तसं वाटलं तर रात्री-अपरात्रीही मला फोन कर. डॉक्टरकडं आपण दोघं मिळून जाऊ.

येत्या रविवारी ऊन चढायच्या आत लेण्यांवर जा. पाण्याची बाटली घे. उतरलास की थेट पंचवटीत घरी ये. काकू मांडे करणार आहे, आणि वर काय सुचलं ते मी विचारणार नाही.

तुझा,
काका