मॅडम, मी तर फक्त शुक्रवार-शनिवार घेतो

"दारू रोज घेत नाही, मग टेन्शन कशाला?" हे माझ्याकडे सल्ल्याला येणारं कुणी ना कुणी विचारतंच, आणि विचारणारा बहुतेक वेळा एकटा नसतो, शेजारी बायको बसलेली असते आणि तिला उलट उत्तर हवं असतं.

मुलुंडचे एक गृहस्थ आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), चाळिशी ओलांडलेले, बीकेसीत नोकरी. शुक्रवारी ऑफिस सुटलं की मित्रांसोबत एक स्ट्राँग बिअर, शनिवारी घरी तीन पेग व्हिस्की. बायकोचं म्हणणं हे बेवडे होत चाललेत, त्यांचं म्हणणं बेवडा म्हणजे सकाळी उठून गुत्त्यावर जाणारा, मी दारूपायी एक खाडा केला नाही आजवर. या भांडणात मी पडतच नाही. मी सरळ ऑडिट काढते.

ऑडिट म्हणजे डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) दारू पिण्याबद्दलची 10 प्रश्नांची प्रश्नावली, 40 पैकी गुण. 7 पर्यंत धोका कमी, 8 ते 15 म्हणजे धोका वाढलाय, 16 ते 19 म्हणजे बहुधा नुकसान सुरू झालंय, आणि 20 किंवा त्यापुढे व्यसन जडलंय का ते डॉक्टरांनी बघायला हवं. म्हणजे अट्टल बेवडा आणि एकदम नॉर्मल यांच्या मधे केवढा तरी पट्टा आहे आणि माझ्याकडे येणारी बरीचशी मंडळी त्या पट्ट्यातलीच असतात.

यांचे गुण आले 12. चेहऱ्यावरचा ताण जरा सुटला त्यांचा. पण त्यात एक गोची होती, प्रश्नावलीत विचारलेलं 'ड्रिंक' म्हणजे 10 ग्रॅम अल्कोहोल, आणि यांनी तीन पेग म्हणजे तीन ड्रिंक धरले होते. आपल्याकडच्या 42.8 टक्केवाल्या व्हिस्कीचा 30 मिलीचा स्मॉल म्हणजे एक ड्रिंक, 60 चा लार्ज म्हणजे दोन, अख्खी क्वार्टर (180 मिली) म्हणजे सहा. आणि ज्या बिअरला सगळे 'बिअर तर आहे' म्हणून सोडून देतात ती 8 टक्क्यांची 650 मिलीची बाटली चार ड्रिंकची, दोन लार्ज पेगांएवढी!

म्हटलं, घरी तुमच्या नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखा पेग भरा, पण पाण्याचा, आणि खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजा. पुढच्या वेळी दोघं आले तेव्हा बायकोच आधी बोलली, "मॅडम, नव्वद भरलं." म्हणजे तीन पेग म्हणजे 270 मिली, नऊ ड्रिंक, एका बैठकीत. एका वेळी सहा किंवा जास्त किती वेळा होतं या प्रश्नाला त्यांनी 'कधीच नाही' लिहिलं होतं, ते झालं 'दर आठवड्याला', आणि गुण 12 चे 17. पिणं तेवढंच होतं हो, फक्त मोजलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, सेफ किती? सेफ असं काही नाही, डब्ल्यूएचओने 2023 मध्ये हे स्पष्ट सांगितलंय, कॅन्सरचा धोका थोड्या दारूनेही वाढतो. कमी धोक्याची म्हणून जी मर्यादा सांगतात ती दिवसाला दोन ड्रिंक, म्हणजे एकच लार्ज, आणि आठवड्यात निदान दोन दिवस काहीच नाही. आणि न प्यायलेल्या दिवसांचा कोटा साठवून शनिवारी वापरता येत नाही, लिव्हर साधारण तासाला एकच ड्रिंक निपटवतं, घाई केली म्हणून जास्त होत नाही. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, यातलं काहीही तो वेग वाढवत नाही. बारमधून स्कूटर चालवत घरी येणं मात्र मी तिथल्या तिथे बंद करायला लावलं, 100 मिली रक्तात अल्कोहोल 30 मिलीग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा आहे आणि एका स्ट्राँग बिअरनेही ते होऊ शकतं.

त्यांनी शुक्रवार सोडला, घरी मेजर (पेग मोजायचं माप) आणला, बसायच्या आधी जेवायला लागले (नुसत्या चकण्यावर पिणं हा वेगळाच वैताग आहे). एका लग्नात परत घसरले, पण पुढच्या भेटीत आपणहून सांगितलं, किती मिली तेसुद्धा.

पण हे सगळं अशांसाठी ज्यांना थांबता येतं. गरोदर बाई, लिव्हरचा त्रास असलेले, झोपेच्या गोळ्या घेणारे, यांच्यासाठी मर्यादा शून्य. आणि घरात कुणी रोज भरपूर पीत असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर 'उद्यापासून एकदम बंद' अशी शपथ घालू नका, अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला मुंबईत केईएम, सायन किंवा नायर हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन जा, तिथे औषधं देऊन दारू सुरक्षितपणे बंद करतात. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.