दादाला यादी नको, एक अंक पाठवा

पत्र: ताई, माझा थोरला भाऊ शाळेत इतिहास शिकवायचा. निवृत्त झाल्यावर एकदा फोनवर म्हणाला, "तू हल्ली काय वाचतेस गं? मलाही सांग की." आमचं बोलणं अलीकडे औषधं आणि तब्येतीपलीकडे जात नाही, त्यामुळे मला फार बरं वाटलं. अख्खी संध्याकाळ बसून मी माझ्या आवडीच्या सत्तावीस न्यूजलेटरांची, म्हणजे ईमेलने येणाऱ्या नियतकालिकांची, यादी केली, प्रत्येकापुढे दोन ओळी लिहिल्या, लिंका दिल्या. उत्तर काय आलं? अंगठा! आठवड्याने विचारलं तर म्हणाला, "वाचतो निवांत." त्याला दीड महिना झाला. आता मी विचारत नाही आणि तोही विषय काढत नाही. मला राग आलाय. आणि खोटं कशाला बोलू, त्यातली बरीचशी माझीही वाचायची राहिलीत. यादी सोबत जोडली आहे. त्यातली कोणती ठेवू? की नादच सोडून देऊ?
— यादीवाली बहीण

उत्तर: अहो यादीवाल्या ताई, सत्तावीस लिंकांना माणूस अंगठ्याशिवाय दुसरं काय उत्तर देणार? दादांनी विचारलं होतं, "तू काय वाचतेस?" तुम्ही सांगितलंत, जगात काय काय वाचण्यासारखं आहे. पाणी मागणाऱ्याच्या हातात आपण तांब्या देतो, त्याला धरणातला पाणीसाठा सांगत बसत नाही. तुमचा राग मला समजतो, कारण मेहनत खरी होती. पण दादांच्या अंगठ्यात तुच्छता असेल असं मला वाटत नाही. कुठून सुरू करावं हे न कळलेल्या माणसाचा तो अंगठा आहे.

यादी मी वाचली. निम्मी तंत्रज्ञान आणि व्यवसाय यांनी भरली आहे. बेन थॉम्प्सन यांचं 'स्ट्रॅटेकरी' उत्तमच. 2013 पासून चालू आहे, आणि एकटा माणूस नुसत्या वर्गणीवर असं काही चालवू शकतो हे ज्यांनी आधी दाखवून दिलं त्यांत त्यांचं नाव घ्यावंच लागेल. पण इतिहासाच्या मास्तरांना कुठल्या कंपनीने कुठली कंपनी का घेतली याचं काय सोयरसुतक? मॅट लेव्हिन यांचं 'मनी स्टफ' मीही आवडीने वाचते. हा माणूस वित्तबाजारातल्या भानगडी इतक्या मजेत सांगतो की कर्जरोखे म्हणजे काय हे माहीत नसलेलाही हसतो. मात्र ते ब्लूमबर्ग या मोठ्या वृत्तसंस्थेचं आहे, 'स्वतंत्र' या मथळ्याखाली ते कसं आलं? यादी एवढी फुगली कशी याचाही मला अंदाज आहे. सबस्टॅकवर, म्हणजे लेखकांना न्यूजलेटर चालवायची सोय देणाऱ्या संकेतस्थळावर, एकाला नाव नोंदवलं की लगेच "हेही आवडतील" म्हणून आणखी चार-पाच नावं पुढे येतात, बऱ्याचदा टिक करूनच. आपण घाईत 'पुढे' दाबतो आणि पाच बिऱ्हाडं इनबॉक्सात राहायला येतात. तुमच्या सत्तावीसातली किती तुम्ही स्वतः निवडलीत, हे एकदा बघाच.

आता दादांसाठी काय, ते सांगते. माझी पहिली पसंती शॉन अशर यांच्या 'लेटर्स ऑफ नोट'ला, आणि ते तुमच्या यादीत नाहीच! 2009 मध्ये संकेतस्थळ म्हणून सुरू झालेला हा उद्योग आता न्यूजलेटर म्हणूनही येतो. काम एकच: जुनी, खरी पत्रं शोधायची, थोडक्यात पार्श्वभूमी सांगायची आणि बाजूला व्हायचं. त्यांनी जमवलेल्या पत्रांतलं एक तर मला फारच प्रिय आहे. जानेवारी 1960 मध्ये राणी एलिझाबेथ यांनी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना लिहिलेलं. आयझेनहॉवर आधी त्यांच्याकडे स्कॉटलंडमधल्या बालमोरल वाड्यावर राहून गेले होते, तेव्हा ड्रॉप स्कोनची (तव्यावरच्या छोट्या, जाडसर पॅनकेकची) कृती पाठवते असं राणीने कबूल केलं होतं आणि ते राहून गेलं. मग एके दिवशी वर्तमानपत्रात अध्यक्षांचा शेगडीपाशी उभा असलेला फोटो दिसला आणि राणीला आठवण झाली. पत्रात ती सांगते, दिलेलं प्रमाण सोळा माणसांचं आहे. माणसं कमी असली तर पीठ आणि दूध कमी घालते, बाकीचं तेवढंच ठेवते. शीतयुद्ध ऐन भरात, आणि इकडे एक राष्ट्रप्रमुख दुसऱ्याला पिठाचा अंदाज समजावतेय. ज्याने आयुष्यभर मुलांना सनावळ्या पाठ करायला लावल्या, त्याला हे वाचून फोन करावासा वाटला नाही तरच नवल.

दादा थोडे लढाऊ वृत्तीचे असतील तर न्यूजलेटर या प्रकाराचाच एक पूर्वज दाखवा. अमेरिकन पत्रकार आय. एफ. स्टोन यांनी 1953 मध्ये, मॅकार्थी या सिनेटरने कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे लागण्याच्या काळात, नोकरीची दारं बंद झालेली असताना स्वतःचं चार पानी साप्ताहिक काढलं. वर्गणी वर्षाला पाच डॉलर, सुरुवातीचे वर्गणीदार सुमारे 5,300. ऐकायला कमी येत असल्याने पत्रकार परिषदांपेक्षा छापील कागदपत्रांवर त्यांची भिस्त. इतरांनी न वाचता टाकून दिलेले सरकारी अहवाल आणि सुनावण्यांची इतिवृत्तं ते बारकाईने वाचत आणि सरकारला सरकारच्याच कागदांनी पकडत. 1971 मध्ये बंद केलं तेव्हा अंक सत्तर हजारांच्या आसपास जात होता. जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. आणि यात इनबॉक्स भरत नाही, हा वरचा फायदा.

तुमच्या यादीतलं हेदर कॉक्स रिचर्डसन यांचं 'लेटर्स फ्रॉम अॅन अमेरिकन' दादांना पटेल. 2019 पासून ही इतिहासाची प्राध्यापिका त्या त्या दिवसाचं अमेरिकी राजकारण इतिहासाच्या उजेडात मांडते आणि खाली संदर्भ देते. मास्तर आधी संदर्भच तपासतील बघा! अडचण एवढीच की ते जवळजवळ रोज येतं. नव्या वाचकाला रोजचा रतीब लावू नये. सुटा अंक पाठवा.

मारिया पोपोव्हा यांचं 'द मार्जिनॅलियन' मात्र दादांना पाठवू नका, निदान आत्ता तरी. 2006 मध्ये सात जणांना पाठवलेल्या मेलपासून हे सुरू झालं, 2021 मध्ये जुनं नाव बदललं, आजही जाहिरात नाही, वाचकांच्या देणग्यांवर चालतं. मला त्याबद्दल आदर आहे. पण अंक लांबलचक, वाक्यं त्याहून लांब, आणि प्रत्येक रविवारी जगण्याचा अर्थ शोधायला सगळ्यांनाच सवड नसते. ते तुमच्यासाठी ठेवा. क्रेग मॉड यांचं जपानमधल्या पायी भटकंतीचं 'रिजलाइन'ही तुमच्यासाठीच. हा गृहस्थ मोठ्या पदयात्रांच्या वेळी वेगळी, तात्पुरती न्यूजलेटरं काढतो: यात्रा असेतोवर पत्रं, यात्रा संपली की पत्रं बंद आणि वर्गणीदारांची यादीही फेकून द्यायची. संपणारं न्यूजलेटर! ज्यांच्या इनबॉक्सात शेकडो मेल न वाचता पडलेत, त्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको.

राहिलेल्यांचं ओझं तुमच्या मनावर आहे, ते उतरवा. मागच्या तीन महिन्यांत ज्यांचा एकही अंक उघडला नाही, त्यांची वर्गणी सरळ रद्द करा. बहुतेकांचे जुने अंक संकेतस्थळावर असतातच, लागले तर तिथे जाऊन वाचता येतात. 2024 पासून जीमेल आणि याहूने मोठ्या संख्येने वर्गणीचे मेल धाडणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय सक्तीची केली आहे, त्यामुळे फारसा त्रासही नाही. पैसे भरून घेतलेल्यांचा हिशेब निराळा. त्यांत एखादा लेखक असा असेल की ज्याने लिहिणं थांबवलं तर तुम्हाला चुकल्यासारखं होईल, त्याची वर्गणी चालू ठेवा, अंक वाचायचे राहिले तरीही. सबस्टॅक त्यातले दहा टक्के कापून घेतं, उरलेल्यावर त्याचं घर चालत असतं. बाकीच्यांशी भीड कशाला? 

आता दादांना काय लिहायचं? "दादा, ती यादी विसर. हे एकच वाच, दहा मिनिटांचं आहे. राणीचं पत्र आहे, ते वाचताना मला तू वर्गात गोष्टी सांगायचास ते आठवलं." का पाठवलं ते एका वाक्यात, बस्स. "नक्की वाच हं", "कसं वाटलं ते कळव" असलं शेपूट लावू नका, त्याने गृहपाठ दिल्यासारखं वाटतं, आणि गृहपाठ देण्यात त्यांची हयात गेली आहे. "छान आहे" एवढंच उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी दुसरा अंक धाडू नका. आणि त्यांनी उलट काही पाठवलं, अगदी व्हॉट्सअॅपवरची कुठलीशी ऐतिहासिक माहिती जरी, तरी ती आधी वाचा. खोटी निघाली तर मजेत भांडा. औषधांपलीकडचा विषय तुम्हाला हवाच होता ना?

त्यांना आवडलं आणि नाव नोंदवायचं असेल तर ते त्यांचं त्यांना करू द्या, तुम्ही परस्पर त्यांचा पत्ता भरू नका. नोंदवूनही काही आलं नाही म्हणाले, तर स्पॅम आणि जीमेलचा 'प्रमोशन्स' कप्पा बघायला सांगा. खातरजमेचा पहिला मेल तिथेच पडून असतो आणि त्यातलं बटण दाबल्याशिवाय काही जण पुढचा अंक पाठवतच नाहीत.

आणखी एक. अंक पाठवताना तुम्हाला आलेला मेल जसाच्या तसा फॉरवर्ड करू नका, वर 'ऑनलाइन वाचा' अशी लिंक असते ती द्या. मेलच्या तळाशी वर्गणी रद्द करण्याची जी लिंक असते, ती तुमच्या पत्त्याला जोडलेली असते. दादांनी "हे काय बरं?" म्हणून ती दाबली, तर नाव तुमचं कटेल.