नडगीचं स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर) भरून आलंय, चार महिन्यांवर बडोद्याची मॅरेथॉन आहे. पहिली फुल, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन, जमेल का?

मी दांडिया बाजारात राहतो आणि याच हाडाने मला दोनदा घरी बसवलंय, म्हणून लिहितो. या वर्षी फुल नको. दहा किलोमीटरला नाव द्या.

हिशेब करून बघा. चार महिने म्हणजे सतरा आठवडे. नेटवर फुलचे जे सोळा-अठरा आठवड्यांचे तक्ते मिळतात, ते बहुतेक आठवड्याला २५-३० किलोमीटर आधीपासून पळणाऱ्यांसाठी असतात. तुम्ही शून्यावर आहात. सलग अर्धा तास पळण्यापर्यंत यायलाच सहा-आठ आठवडे जातील. उरलेल्या नऊ-अकरा आठवड्यांत ४२.१९५ किलोमीटर बसत नाहीत.

माझा घात दमसासाने केला. पहिल्या वेळी सात आठवडे पळणं बंद होतं, पण सायकल चालू होती. परत सुरू केल्यावर तिसऱ्याच रविवारी कमाटीबागेतल्या मंडळींबरोबर सहा किलोमीटर ठरवून निघालो आणि चौदा पळालो. धाप नाही, काही नाही, वर सेव-उसळ दोन प्लेट. सकाळी मात्र पलंगावरून पाय खाली टेकवला आणि नडगीच्या आतल्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत कळ आली. बोट ठेवलं की बरोबर तिथेच. एक्स-रे स्वच्छ होता, एमआरआयमध्ये सापडलं. (सुरुवातीचं स्ट्रेस फ्रॅक्चर एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, तेव्हा त्या फिल्मवर विसंबू नका.)

हृदय-फुफ्फुसं काही आठवड्यांत वळणावर येतात. हाडाचं तसं नाही. ताण पडला की ते आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं, आणि या सगळ्याला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ते उलट कच्चं असतं. म्हणजे तुम्हाला सगळ्यात जोर वाटतो तेव्हाच हाड सगळ्यात नाजूक असू शकतं.

दुसऱ्या वेळी मी असं केलं. आधी अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी काही दुखत नाही, हे आठवडाभर पाहिलं. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा, तेही एक दिवसाआड. पुढे पळण्याची मिनिटं वाढवली, वेग नाही. किलोमीटर मोजायला लागलो तेव्हा आठवडे साधारण १२, १४, १६ आणि मग परत ११ असे गेले. चौथ्या आठवड्याला उतरायचं म्हणजे उतरायचंच. दर आठवड्याला दहा टक्के वाढ हा नियम सगळे सांगतात. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर तो तपासला, २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले, तर त्याने दुखापती काही कमी झाल्या नव्हत्या. त्यामुळे आकड्यापेक्षा सकाळच्या नडगीला विचारा. रोज उठल्यावर अंगठ्याने हाडाची कड दाबत खाली यायचं. लांबलचक ठणका असेल तर तो दिवस चालण्यावर भागवा. एकाच बिंदूवर कळ, किंवा रात्री झोपेत दुखणं, म्हणजे पळणं बंद आणि डॉक्टर. पेनकिलर खाऊन पळू नका, कळ दडपली जाते आणि हाड तसंच मार खात राहतं.

पोटऱ्यांचा व्यायाम टाळू नका. मी जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करायचो, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "ह्याचं काही बिनसलंय का?" पावलंही जरा आखूड आणि झपझप टाका. अकोटा पुलाचा उतार पहिले दोन महिने चालत उतरा. बडोद्यात चढ नाहीतच, पण उतारावर नडगीला बसतो तो दणका वेगळाच.

आणि पोटभर खा. वजन उतरवणं आणि हाड भरणं एकाच वेळी होत नाही. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. माझं बरंच कमी निघालं, इथल्या एवढ्या उन्हात राहून! तुम्ही बाई असाल आणि पाळी चुकत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, त्याचा हाडाशी थेट संबंध आहे.

त्या हिवाळ्यात मी दहाच किलोमीटर पळालो, आणि फुलवाले मित्र येईपर्यंत नवलखी मैदानावर केळी खात बसलो. फुल पुढच्या वर्षी केली. पाच तास वीस मिनिटं लागली, पस्तीसच्या पुढे बराचसा चालतच होतो. नडगी एकदाही दुखली नाही.