जुन्या वाड्यातील मोडी कागदांचे काय करावे?

प्रश्न : मिरजेजवळच्या आमच्या गावातील जुना वाडा आम्ही पावसाळ्यापूर्वी उतरवणार आहोत. माळ्यावर मोडी कागदांचे तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सापडले. त्यातील शिक्क्यांचे कागद तेवढे विकत घेण्यास एक व्यापारी तयार आहे. घरात मोडी कोणालाच येत नाही. आजी मात्र वाड्याच्या हकिकती सांगतात. आम्ही काय करावे?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : शिक्क्यांचे कागद कृपया वेगळे काढून देऊ नका. रुमाल कोणीतरी विचाराने बांधलेला असतो. सनदेशेजारची साधी पावती किंवा हिशेबाचा बंद (सुटा ताव) हाच पुष्कळदा त्या सनदेचे कारण सांगतो. आपल्या मिरजेतच वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी शिक्षकाची नोकरी सांभाळून पटवर्धन सरदारांच्या दप्तरातील पत्रे वाचली आणि छापली. उत्तर पेशवाईच्या अभ्यासकाला ती आजही लागतात, कारण एका पत्राचा धागा दुसऱ्यात सापडतो. साताऱ्यात इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी जमवलेला जुन्या कागदपत्रांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. सातारकरांना आता त्यासाठी पुणे गाठावे लागते याची मला खंत वाटते, तरीही तो फुटकळ विकला गेला नाही हे फार मोठे आहे.

कागदांना लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी लावू नये, टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात आणि रुमाल प्लास्टिकऐवजी धुतलेल्या सुती कापडात बांधावेत. सोडताना आहे त्याच क्रमाने प्रत्येक कागदाचा, मागच्या बाजूसह, फोटो घ्यावा. मोडी जाणणाऱ्याला ‘समान सबैन मया व अलफ’ असे साल आढळले, तर ते शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतील एक कालगणना) ११७८, म्हणजे इ. स. १७७७–७८ होय. घरी सांभाळणे जमणार नसेल, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे तिन्ही रुमाल एकत्र देण्याविषयी विचारावे.

मात्र सर्वांत आधी, वाड्याचा एक वासाही निघण्यापूर्वी, आजींना घेऊन खोली खोली फिरावे. कचेरी कुठे भरत असे, बळद (धान्य साठवण्याची जागा) कोणते, देवघराच्या कोनाड्यात काय ठेवीत, कोणाला कोणत्या नावाने हाक मारीत, हे त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करावे आणि वहीतही उतरवावे. पुढे रुमाल वाचायला येणाऱ्यासमोर ती वही ठेवावी. आजींनी सांगितलेली नावे त्याला कागदांत ओळखता येतील.